छोट्या रीफ टँकला कोणते मासे? उन्हाळा, पावसाळा, थंडी काढल्यावरचा माझा अनुभव

बेळगावात बसून समुद्राचे मासे पाळता येतात का, असं मला हल्ली बरेच जण विचारतात. येतात, आणि छान जगतात. फक्त रीफ टँक (खाऱ्या पाण्यात मासे आणि कोरल, म्हणजे प्रवाळ, एकत्र ठेवायची काचेची टाकी) छोटा असेल तर पंप-लाइट-फिल्टर कुठल्या कंपनीचे यापेक्षा मासे कोणते आणले यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून सामानाबद्दल मी थोडंच लिहिते, माशांबद्दल सविस्तर.

माझा टँक दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि तेवढाच उंच. काचेच्या मापाने ८८ लिटर, पण वाळू आणि दगड वजा जाता पाणी जेमतेम ७० लिटर. त्यात पाच मासे आहेत: ओसेलॅरिस क्लाउनची जोडी, एक यलो वॉचमन गोबी, एक फायरफिश आणि एक पिवळा क्लाउन गोबी. शिवाय एक पिस्टल झिंगा आणि काच साफ करणाऱ्या गोगलगायी. कोरल सगळे मऊ: झोअँथस, मशरूम, एक लेदर. कडक कोरल माझ्याकडे नाहीत आणि येणारही नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते २००१ पासून संरक्षित आहेत, समुद्रघोडेही तसेच. ‘एक पीस आहे, गुपचूप पाठवतो’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. दगडसुद्धा मी कोरडे घेतले, बाटलीतले बॅक्टेरिया आणि अमोनिया घालून मासे न टाकता सायकलिंग (अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया टँकमध्ये वाढवणं) केलं, आणि अमोनिया-नायट्राइट शून्यावर येऊन टिकल्यावरच पहिला मासा आणला.

आमच्या शेजारचे काका मूळचे खानापूरकडचे. टँक बघून ते दर वेळी म्हणतात, “वैनी, एवढी मोठी टाकी आणि मासं चार-पाचच? रिकामी दिसालीया की!” बऱ्याच जणांना तसंच वाटतं. एका इंचाला इतके लिटर हा गोड्या पाण्याचा हिशेब इथे कामाचा नाही. समुद्री मासा लांबीने केवढा आहे त्यापेक्षा टँकचा कुठला कोपरा तो आपला मानतो, हे बघायचं. जुन्या वाड्यात चार बिऱ्हाडं सुखाने नांदायची ती प्रत्येकाचा ओटा वेगळा असायचा म्हणून. माझ्याकडे गोबी वाळूत राहतो, क्लाउन गोबी दगडावर बसतो, फायरफिश मधल्या पाण्यात तरंगतो आणि क्लाउनची जोडी उजव्या कोपऱ्यातल्या लेदर कोरलजवळ. कुणाचं कुणाशी भांडण नाही.

सगळ्यांत जास्त समाधान मला वॉचमन गोबीने दिलं. हा मासा आणि टायगर पिस्टल झिंगा एकाच बिळात राहतात. झिंग्याची नजर फार अधू. बीळ खणायचं काम त्याचं, पहारा गोबीचा. झिंगा वाळू ढकलत बाहेर येतो तेव्हा त्याची एक मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकलेली असते. मी काचेजवळ हात नेला की गोबी शेपटी बारीकशी हलवतो आणि झिंगा त्याच क्षणी मागच्या मागे बिळात. शंखाचा तुकडा दोन्ही नांग्यांत धरून तो दाराशी आणतो, फिरवून बघतो, बसला नाही तर परत उचलतो. हे बघताना माझी संध्याकाळ कशी जाते कळत नाही. अधूनमधून हॉलमध्ये ‘टक्’ असा आवाज येतो, काच तडकली की काय असं नव्या पाहुण्याला वाटतं. झिंग्याची मोठी नांगी इतक्या जोरात मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो, त्याचा तो आवाज. ही जोडी आणायची असेल तर एक गोष्ट आधीच करा: दगड वाळूवर न ठेवता थेट तळाच्या काचेवर नीट बसवा आणि मग भोवती वाळू घाला. झिंगा रोज खणतो, वाळूवर टेकलेला दगड आज ना उद्या कलंडतो. गोबी पूर्ण वाढला की साधारण दहा सेंटीमीटरचा होतो, आणि वाळूत त्याच्या जोडीला दुसरा गोबी नको.

क्लाउनबद्दल सगळ्यांनाच माहिती असते, तरी घेताना गोंधळ होतो. दुकानात ‘निमो’ म्हणून ओसेलॅरिसही देतात आणि क्लार्की, टोमॅटो, मरूनही. ओसेलॅरिस आठ-नऊ सेंटीमीटरवर थांबतो आणि स्वभावाने सौम्य असतो. मरून त्याच्या जवळजवळ दुप्पट होतो आणि छोट्या टँकमध्ये बाकी कुणाला टिकू देत नाही. क्लार्कीही मोठाच होतो. नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे एवढं बघून पैसे देऊ नका, जातीचं नाव लिहून घ्या. जोडी हवी असेल तर दोन लहान पिल्लं घ्या, एक जरा मोठं, एक लहान. सगळे क्लाउन जन्मतः नर असतात. दोघांत जो वरचढ ठरतो तो मादी होतो. आमच्याकडे सुरुवातीला थोडी ढकलाढकली झाली, मग लहान्याने अंग थरथरवून दाखवायला सुरुवात केली. ती माघार असते, ती दिसली की जोडी जमली समजायचं.

क्लाउन शक्यतो हॅचरीतलेच घ्या. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउनच्या पैदाशीचं तंत्र आपल्याकडे बसवलं आहे, त्यामुळे समुद्रातून धरून आणलेला मासा घ्यायची गरजच नाही. आग्नेय आशियात काही ठिकाणी मासे धरायला सायनाइड मारतात. तसा मासा दिसायला ठणठणीत असतो आणि काही आठवड्यांत जातो, शिवाय तिथलं कोरलही मरतं. हॅचरीतला मासा पहिल्या दिवसापासून दाणे खातो. आणि हो, अ‍ॅनिमोन (क्लाउन समुद्रात ज्याच्या आसऱ्याने राहतो तो मऊ समुद्री प्राणी) लागतोच असं नाही. तो जुन्या, स्थिर टँकला शोभतो. नव्या छोट्या टँकमध्ये जागा बदलत फिरतो, पंपात अडकला तर सगळ्या पाण्याची वाट लावतो.

फायरफिश दिसायला अतिशय देखणा, पण लाजाळू. एकटाच ठेवा, मुळात जमलेली जोडी नसेल तर दोघे भांडतात. हा घाबरला की उडी मारतो, त्यामुळे वर झाकण हवंच. काचेचं झाकण मी ठेवलं नाही, त्याने उष्णता कोंडते. खिडक्यांना मच्छरजाळी बसवणाऱ्याकडून अ‍ॅल्युमिनियमची चौकट आणि जाळी करून घेतली, मापात बसली आणि हवाही खेळते.

पिवळा क्लाउन गोबी अंगठ्याएवढासुद्धा नाही. दिवसभर दगडावर बसून असतो. सुरुवातीला दाणे खात नव्हता, बारीक केलेल्या कोळंबीवर आला. कोळंबी मी बाजारातूनच आणते, कारवार-गोव्याकडची ताजी. धुऊन, बारीक कापून, छोट्या वड्या करून गोठवते. श्रावणात घरी सामिष बंद असतं, तेव्हा या वड्यांचा डबा फ्रीजरमध्ये वेगळ्या कप्प्यात.

आता जे आणले नाहीत त्यांच्याबद्दल. निळ्या टँगसाठी घरातल्या मुलांचा हट्ट होता. तो मासा फूटभर वाढतो आणि त्याला लांब पोहायला लागतं, दोन फुटांत त्याला कोंडणं मला पटत नाही. मँडरिन रंगाने डोळे दिपवतो, पण दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड नावाचे सूक्ष्म जीव टिपून खातो. छोट्या टँकमध्ये ते संपतात आणि तो हळूहळू खंगत जातो. क्लीनर रास या माशाचीही तीच गत. डॅमसेल स्वस्त आणि चिवट, म्हणून ‘सायकलिंगला टाका’ असं सर्रास सांगतात. शहापूरच्या एका मित्राच्या टँकमध्ये डॉमिनो ही डॅमसेलचीच एक जात आहे. आला तेव्हा नखाएवढा, काळा, तीन पांढऱ्या ठिपक्यांचा. आता नवीन मासा आत सोडायचीच सोय नाही, आणि त्याला बाहेर काढायचं तर सगळे दगड उचलावे लागतील. म्हणून कोण आधी, कोण नंतर हेही महत्त्वाचं. मी गोबी आणि फायरफिश आधी सोडले, क्लाउनची जोडी शेवटी.

बेळगावच्या हवेचा विचार वेगळा करावा लागतो. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहोत, म्हणजे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्के कमी, आणि पाण्यात विरघळणारा ऑक्सिजन त्याच प्रमाणात कमी. खारं पाणी तसंही गोड्या पाण्यापेक्षा वीसेक टक्के कमी ऑक्सिजन धरतं. एप्रिल-मे मध्ये पाणी तापलं की आणखी घट. वळवाचा पाऊस आला की वीज जाते, आणि तेव्हाच पंप बंद पडतात. मुंबईत सात मासे ठेवणाऱ्याचं बघून इथे सात ठेवू नका, हे मी त्यासाठीच सांगते. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात ठेवाच, वीज गेल्याबरोबर तो आपोआप सुरू होणारा मिळतो.

उन्हाळ्यात चिलर न घेता पाण्यावर छोटा पंखा लावला. मार्च-एप्रिलमध्ये हवा कोरडी असते, बाष्पीभवन जोरात होतं आणि तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. मात्र पाणी उडतं, मीठ उडत नाही, म्हणून रोज आरओचं गोडं पाणी वरून घालायचं, नाहीतर १.०२५ वरची घनता बघता बघता चढते. पावसाळ्यात दमट हवेने पंख्याचा उपयोग उरत नाही, पण तेव्हा गरजही नसते. डिसेंबर-जानेवारीत हीटर अत्यावश्यक.

‘गोवा तर इथेच, चोर्ल्यातून उतरलं की समुद्र. पाणी तिथूनच आणा की,’ हा सल्ला मला सगळ्यांनी दिला. किनाऱ्याजवळच्या पाण्यात नद्यांचं पाणी मिसळतं, पावसाळ्यात खारटपणा फार उतरतो, होड्यांचं तेल वेगळंच. मी आरओच्या पाण्यात सॉल्ट मिक्स घालून पाणी करते आणि दर आठवड्याला दहा टक्के बदलते.

मासे मात्र बाहेरूनच मागवावे लागतात, मुंबई किंवा बेंगळुरूहून रात्रीच्या बसने. पार्सलची पिशवी उघडल्यावर तासभर थेंब-थेंब पाणी सोडत बसू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. विक्रेत्याला त्याच्या पाण्याची घनता आधी विचारा, क्वारंटाइनच्या टँकमध्ये तेवढीच ठेवा, तापमान जुळलं की मासा लगेच सोडा. घनता मग काही दिवसांत चढवत न्या. क्वारंटाइन टाळू नका. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध चालतं, पण ते रीफ टँकमध्ये घातलं तर झिंगा, गोगलगायी, कोरल सगळंच मरतं. आणि रोग मुख्य टँकमध्ये शिरला तर सगळे मासे बाहेर काढून तो अडीच महिने रिकामा ठेवावा लागतो.

मी विक्रेत्याकडे फोटो मागत नाही, मासा खातानाचा व्हिडिओ मागते, त्याच दिवशीचा. पोट आत गेलेलं, श्वास जोरात, कल्ले फडफडत असतील तर नको म्हणून सांगते. तो पाठवायला टाळाटाळ करत असेल तर पुढच्या लॉटची वाट बघते.