सोलापूर रोडवरची नर्सरी, थंडीची फुलझाडं आणि लाल मातीचा गोळा

दिवाळीचे कंदील उतरवले की आमच्याकडे दरवर्षी एकच विषय, थंडीची फुलझाडं कुठून आणायची. ह्या वेळी सोसायटीच्या गेटवर येणाऱ्या हातगाडीवाल्याला टाटा करून सरळ पुण्याच्या सोलापूर रोडला गेलो. कवडीपाट सोडलं की लोणी काळभोर, उरुळी कांचनपर्यंत रस्त्याच्या कडेला नर्सऱ्याच नर्सऱ्या, त्यातल्याच एकीत शिरलो. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारपण आहे.

आधी चांगलं सांगते. माल भरपूर आणि ताजा. पिटुनिया, डायांथस, फ्लॉक्स, साल्व्हिया, डॉग फ्लॉवर, पॅन्झी, शेवंती, सगळं ओळीत लावलेलं. काळ्या पिशवीतलं पिटुनियाचं रोप 25 रुपयांना पडलं, तेच आमच्या गेटवर कुंडीत बसवून 120 ला देतात. मी अर्थातच फुलांनी लगडलेल्या पिटुनियावर झडप घातली, तर तिथं पाणी घालणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, फुलावर भुलू नगा, कळी बघून घ्या." आणि त्यांनी मागच्या ओळीतली बुटकी, हिरवीगार, जेमतेम दोन-दोन कळ्या असलेली रोपं काढून दिली. मी मन राखायला म्हणून सहा ती घेतली आणि सहा माझ्या आवडीची. पंधरा दिवसांत माझ्या सहाची फुलं गळून नुसत्या लांब काड्या राहिल्या आणि मावशींची सहा झाडं कुंडी भरून खाली लोंबायला लागली. शेवटी मी जीव घट्ट करून त्या काड्यांचे शेंडे खुडले तेव्हा कुठे बाजूने फुटवे आले, म्हणजे फुलं येईपर्यंत महिना फुकट.

आता तक्रार. पहिली म्हणजे माती. रोपं सगळी चिकट लाल मातीच्या गोळ्यात असतात. आपण घरी कोकोपीट-गांडूळखताच्या भुसभुशीत मातीत तो गोळा तसाच ठेवला की पाणी आजूबाजूने निघून जातं आणि गोळा आतून विटेसारखा कोरडा राहतो. वरून माती ओली दिसते आणि झाड मान टाकतं, आपल्याला वाटतं पाणी जास्त झालं, म्हणून आपण अजून कमी करतो! माझे दोन डायांथस असेच गेले, उपटून बघितलं तर आतला गोळा ठणठणीत सुका. आता मी गोळा दहा मिनिटं बादलीत बुडवते, बाहेरची माती बोटांनी हलकी मोकळी करते आणि मगच लावते. हे नर्सरीवाल्याने एका वाक्यात सांगायला काय हरकत होती?

दुसरी तक्रार रंगांची. शेवंती कळीवर घेतली, मालक म्हणाले मरून, निघाली फिकट गुलाबी. फोन केला तर "पोरांनी ट्रे बदलले असतील, पुढच्या वेळी या, बघू". म्हणजे मावशींचा सल्ला शेवंतीला लावताना एक कळी तरी उमललेली बघून घ्या. तशी शेवंती वाया जात नाही, फुलं संपली की बुडापासून चार बोटं ठेवून छाटायची, खालून येणारे फुटवे पुढच्या वर्षासाठी वेगळे लावता येतात. फक्त कळ्यांवर काळा मावा (बारीक किडे) आला की लगेच पाण्याचा फवारा मारून धुवायचा.

पॅन्झीबद्दल स्पष्ट सांगते, पुण्यात ती थोडी चैनच आहे. मांजराच्या तोंडासारखी फुलं बघून जीव जातो, मान्य, पण आपल्याकडची थंडी म्हणजे पहाटे 10-12 डिग्री आणि दुपारी 28-30. माझी बाल्कनी पश्चिमेची, दुपारच्या उन्हात पॅन्झी रोज माना टाकून बसायची. सकाळचं ऊन असेल तरच घ्या. बाकीच्यांसाठी पिटुनिया आणि डायांथस, डोळे झाकून. आणि बाल्कनी उत्तरेची असेल तर ह्यातलं काहीच घेऊ नका हो, थंडीत सूर्य दक्षिणेकडे कलतो, तिथं ऊन पोचतच नाही, नुसती पानं बघत बसाल. नस्टरशियमची रोपंपण विकतात, मला विचाराल तर बी आणून थेट कुंडीत टाकावं, त्याला मुळं हलवलेली आवडत नाहीत. आणि खत घालू नका, नाहीतर छत्रीएवढी पानं आणि फुलाचा पत्ता नाही.

पॉइन्सेटिया ह्या वेळी मुद्दाम घेतला नाही. मागच्या वर्षी लालभडक कुंडी आणली होती, घरी आल्यावर महिन्यात अर्धी पानं गळाली, तरी उन्हाळा काढला बिचाऱ्याने. ह्या ऑक्टोबरपासून वाट बघतेय, हिरवाच. मालकांना विचारलं तर पहिला प्रश्न, "रात्री लाईट लागतो का?" लागतो की, पॅसेजची ट्यूब रात्रभर चालू! ह्याला रोज सलग बारा-चौदा तास गुडूप अंधार लागतो, तोही दोन महिने, तेव्हा वरची पानं लाल होतात (ती फुलं नव्हेतच, खरी फुलं म्हणजे मधले पिवळे मणी). सासूबाई म्हणाल्या, त्याला तरी रात्री झोपू दे. आता संध्याकाळी सहाला त्याच्यावर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घालायची ड्यूटी त्यांनीच घेतलीय.

5 पैकी साडेतीन स्टार, त्यातला एक निव्वळ मावशींचा. रविवारी जाऊ नका, गाडी लावायला जागा नसते आणि मालकांना बोलायला वेळ नसतो. यूपीआयचा क्यूआर कोड आहे पण शेडमध्ये रेंज येत नाही, मी हातात शेवंती धरून हायवेपर्यंत चालत गेले तेव्हा पेमेंट झालं, तर सुट्टे घेऊन जा. डिकीत घालायला जुने पेपर आणि चादरपण न्या, पिशव्यांतून लाल पाणी गळतं, आमच्या गाडीच्या सीटवर अजून डाग आहे.