पहिले टँडम उड्डाण: बीर-बिलिंग की कामशेत?

इंदूरच्या मराठी घरांत सुट्टीचा बेत ठरतो तेव्हा बहुधा दोन दिशा समोर असतात: एक हिमाचलची, दुसरी नातलग असलेल्या पुण्याची. आयुष्यात पहिल्यांदाच टँडम पॅराग्लायडिंग, म्हणजे पायलटसोबत एकाच छत्रीखाली जोडीने उड्डाण, करायचे असेल, तर निवड बीर-बिलिंग आणि कामशेत यांच्यात होते. माझे मत आधीच सांगतो: आठवडाभराची रजा असेल तर बीरला जावे, तीनच दिवस असतील तर कामशेत गाठावे आणि त्यात काही उणे आहे असे मुळीच मानू नये.

मालवा एक्स्प्रेस इंदूरहून थेट पठाणकोट कँटला नेते. पुढे पालमपूर, बैजनाथ करत बीरला पोहोचायला निम्मा दिवस मोडतो. कामशेत मात्र लोणावळा-पुणे लोकलच्या मार्गावरच आहे.

खरा फरक हवेत पडतो. बिलिंगचे उड्डाणस्थळ सुमारे 2400 मीटर उंचीवर असून उतरण्याचे मैदान बीरमध्ये, त्याच्या जवळजवळ हजार मीटर खाली आहे. टँडमची छत्री स्थिर हवेत सेकंदाला एक मीटरहून थोडी अधिक खाली येते. त्यामुळे वर उचलणारी हवा अजिबात मिळाली नाही, तरी पंधरा मिनिटांच्या आसपास उड्डाण होतेच. शिवाय उन्हाने तापलेल्या धौलाधार डोंगररांगेच्या उतारांवरून गरम हवेचे झोत, म्हणजे थर्मल, वर उठतात आणि त्यांत गोल गोल फिरत पायलट आणखी उंची मिळवतो. पॅराग्लायडिंगची जागतिक चषक स्पर्धा 2015 मध्ये इथे झाली, ती याच हवेमुळे. मात्र ज्यांना घाटात गाडी लागते, त्यांना या गिरक्यांनी मळमळू शकते. त्यांनी ते पायलटला आधीच सांगून सकाळची किंवा उतरत्या उन्हाची शांत वेळ मागावी.

कामशेतचे डोंगर बुटके आहेत. तिथे वारा डोंगराला अडून वर चढतो आणि त्या अरुंद पट्ट्यात छत्री इकडून तिकडे फिरत राहते. वारा उत्तम असेल तर उड्डाण लांबते, कधी कधी निघालेल्या जागीच परत उतरताही येते. पण तो पडला की काही मिनिटांत पाय जमिनीला लागतात. उंचीची धास्ती असलेल्या माणसाला हे लहान उड्डाण अधिक मानवते, असे मला वाटते. मनालीजवळच्या सोलंगलाही अशी उड्डाणे होतात, पण त्याचा विचार मनालीला जाणारच असाल तरच करावा. त्यासाठी मुद्दाम प्रवास करू नये.

ऋतूच्या बाबतीत दिवाळीची सुट्टी बीरला अगदी जुळते, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथली हवा सर्वांत भरवशाची असते. पावसाळ्यात, 15 जुलै ते 15 सप्टेंबर, हिमाचलमध्ये उड्डाणांना बंदी असते. कामशेतचा हंगाम ऑक्टोबरपासून मेपर्यंत चालतो.

सुरक्षेची पथ्ये दोन्हीकडे सारखीच आहेत आणि त्यांत तडजोड नको. हिमाचलमध्ये पायलटची पर्यटन खात्याकडे नोंदणी बंधनकारक आहे. ती पाहायला मागताना संकोच करू नये. हार्नेसचे, म्हणजे आपल्याला छत्रीशी जोडणाऱ्या पट्ट्यांच्या आसनाचे, मांड्यांभोवतीचे पट्टे अडकवले आहेत ना, हे स्वतः हात लावून तपासावे, कारण ते सुटे राहिल्यास छातीचा पट्टा माणसाला सावरू शकत नाही. राखीव पॅराशूट कुठे आहे ते विचारावे, आपले वजन खरे सांगावे आणि घोट्याला आधार देणारे बूट घालावेत. पायलट मागून "भागो, बैठना नहीं" असे ओरडतो तेव्हा छत्री पाठीमागे ओढत असते आणि पाय थांबवावेसे वाटतात. तरीही जमीन सुटेपर्यंत धावत राहायचे असते. उतरताना तो सांगेल तसे पाय उचलावेत किंवा उभे राहावे.

बीरला एक दिवस हवामानासाठी राखून ठेवावा. दोन्ही ठिकाणी आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी, वाऱ्यामुळे उड्डाण रद्द झाल्यास पैसे परत मिळतात की फक्त तारीख बदलून मिळते, हे लेखी विचारून घ्यावे.