साडेअठरा हजारांची माउंटन बाइक आणि घासून काढलेला फ्रेम नंबर

म्हैसमाळच्या परिसरातील पायवाटांवर चालवण्यासाठी पहिली माउंटन बाइक घ्यायची म्हणून मी दोन महिने माहिती जमवत होतो. नवशिक्याने हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे शॉकअप असलेली सायकल घ्यावी. स्वस्तातली दोन्हीकडे शॉकअप असलेली सायकल नुसती जड असते, हे मला ठाऊक होते. इतकी माहिती असूनही मी 18,500 रुपयांना फसलो, याचा संताप अजून जात नाही.

जाहिरातीत ‘अलॉय फ्रेम, सहा महिने वापरलेली’ असे लिहिले होते; अलॉय म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची. 2,000 रुपये आगाऊ यूपीआयने पाठवले आणि उरलेले 16,500 छत्रपती संभाजीनगरात जालना रोडवर संध्याकाळी रोख मोजून दिले. बिल मागितले, तेव्हा “भाऊ, बिल घरीच राहिलं, रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो” हे उत्तर मिळाले. बिल हातात नसेल तर पैसे खिशातून काढूच नका.

मी सायकल उलटी करून पाहिली होती, हेच मनाला सर्वांत जास्त लागते. पायडलच्या मधल्या नळीखाली, जिथे फ्रेम नंबर कोरलेला असतो, तिथे काळ्या रंगाचा ताजा, जाड थर होता. बोट फिरवले तर ते चिकटले. “गंज धरू नये म्हणून मारलाय,” विकणारा म्हणाला. अ‍ॅल्युमिनियमला लोखंडासारखा गंज चढत नाही, हे शाळेतले पोरही सांगेल. पण अंधार पडत होता, दुसरे गिऱ्हाईक निघाल्याचे तो फोनवर बोलत होता, आणि एवढ्या घाईत कोणाचेही भान सुटले असते.

चार दिवसांनी मिस्त्रीने फ्रेमला लोहचुंबक लावले, ते घट्ट चिकटले, म्हणजे फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची नव्हतीच, लोखंडी होती. रंग पुसल्यावर खाली ग्राइंडरचे ओरखडे निघाले. दहा रुपयांचे चुंबक सोबत न्या.

पहिल्या पोलीस ठाण्यात हद्द दुसऱ्याची निघाली. घटना कोणत्याही हद्दीत घडली तरी तक्रार नोंदवता येते, असे भारतीय नागरी सुरक्षा संहितेचे कलम 173 सांगते. ते दाखवले तर “कायदा आम्हाला शिकवू नका” असे ऐकावे लागले. दुसऱ्या ठाण्यात दोन तास बाकावर बसवून ‘हा दिवाणी मामला आहे’ असे सांगितले. तिसऱ्या खेपेस तर, सायकल चोरीची निघाली तर तुमचीच चौकशी होईल, असा दम मिळाला. पैसे माझे गेले आणि आरोपीच्या नजरेने मलाच पाहिले गेले! 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार घेतली गेली, पण फक्त 2,000 रुपयांची, कारण रोखीचा पुरावा नाही. रोख देऊ नका.

अर्जाची पोच कोणीही दिली नाही, म्हणून तोच अर्ज मी काल वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे स्पीड पोस्टाने पाठवला आहे.