स्पिनोझा की लाइब्निझ: सलग वस्तू एक की अनेक?

सतराव्या शतकातला तत्त्वज्ञ स्पिनोझा, त्याचं म्हणणं सरळ आहे, द्रव्य (म्हणजे ज्याला असायला दुसऱ्या कशाचा आधार लागत नाही ते मूळ अस्तित्व) एकच आणि त्याचे तुकडे पडतच नाहीत. 'एथिक्स' या त्याच्या ग्रंथात (१६७७) तो पाण्याचं उदाहरण देतो, पाणी म्हणून ते वाटता येतं पण द्रव्य म्हणून बघाल तर काहीच वेगळं होत नाही, तुकडे पाडते ती आपली कल्पना. ऐकायला भारी, पण मग हा तांब्या आणि तो तांब्या म्हणजे एकाच द्रव्याच्या दोन अवस्था, आणि इथे माझी गाडी अडते बुवा.

त्याच काळातला दुसरा तत्त्वज्ञ लाइब्निझ बरोब्बर उलटा. १६७६ मध्ये हेगला जाऊन स्पिनोझाला भेटला सुद्धा, तरी शेवटी वेगळ्याच वाटेने गेला. त्याच्यासाठी जडवस्तू म्हणजे मेंढ्यांचा कळप, लांबून एक आणि जवळून अनेक, आणि जे खरोखर एक नाही ते खरोखर 'आहे' तरी कसं म्हणायचं असं त्याने १६८७ ला फ्रेंच तत्त्वज्ञ आर्नोला लिहिलं. त्याचं कागदाचं उदाहरण तर मस्तच, सलग वस्तू वाळूसारखी कणाकणांत सुटत नाही, कागदासारखी घडीत घडी पडत जाते, कधीच न संपता.

मला लाइब्निझ जास्त पटतो, कारण तो दोन गोष्टींची गल्लत करत नाही: गणितातल्या रेषेत अखंड रेषा आधी आणि भाग नंतर, खऱ्या वस्तूत भाग आधी आणि अखंड नंतर.