अशोक चौकाच्या पुढच्या अण्णांकडे पिस्तुलाचा ट्रिगर सेट करून घेतला, अनुभव

सोलापुरात दहा मीटर एअर पिस्तूल खेळणारे आपण मोजकेच, आणि काही बिघडलं की सगळ्यांचं उत्तर एकच, पुण्याला पाठवा. मी पण पाठवलेलं. माझं सेकंडहँड स्टायर एलपी 10 आहे, ऑस्ट्रियाचं एअर पिस्तूल, गेल्या उन्हाळ्यात ट्रिगर कुठे सुटतोय तेच कळेना, एक शॉट हलका तर एक जड. पुण्यात एका ठिकाणी तीन आठवडे पडून राहिलं, परत आलं ते तेलाने न्हाऊन, बिल साडेतीन हजार, आणि दोन महिन्यात आधीपेक्षा वाईट. त्यात मी शहाणपणा केला, व्हिडिओ बघून अ‍ॅलन की घेतली आणि दिसतील ते सगळे स्क्रू फिरवले. मूळ सेटिंग कुठे होतं ते पण लिहून ठेवलं नाही.

मग रेंजवरच्या एकाने अण्णांचं सांगितलं. पूर्व भागात, अशोक चौकाच्या पुढे, बोर्ड वगैरे काही नाही. तीस वर्षं पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे माग लावणारे-दुरुस्त करणारे, होते, आता घराच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन, वजनकाटे असलं काहीबाही दुरुस्त करतात आणि एअर रायफल-पिस्तूल पण बघतात. खरं सांगू का, मला हसूच आलं, म्हटलं चादरीच्या मागाचा माणूस ऑस्ट्रियाच्या पिस्तुलाला हात लावणार होय.

गेलो तर आधी "छर्रा आत नाही ना ओ?" म्हणून विचारलं आणि मी नाही म्हटल्यावरसुद्धा स्वतः उघडून बघितलं. मग विचारलं, कसा पाहिजे ट्रिगर. मी म्हटलं जितका हलका होईल तितका करा. अण्णा चष्म्यावरून बघायलेत नुसतं. "मालक, पाचशेच्या खाली गेला तर खेळायला घेतील का तुम्हाला?"

बरोबरच होतं त्यांचं. मॅचमध्ये एअर पिस्तूलचा ट्रिगर सुटायला कमीत कमी 500 ग्रॅमचा जोर लागला पाहिजे, 25 मीटर पिस्तूलला 1000, आणि एअर रायफलला अशी मर्यादाच नाही, म्हणून रायफलवाल्या मित्रांचं ऐकून आपण पिस्तूल हलकं करायला जातो आणि फसतो. चेकिंगला नळी सरळ वर धरून 500 ग्रॅमचं वजन ट्रिगर न सुटता ट्रिगरने उचलायचं असतं, ते पण हवा भरलेली असताना, तीनच चान्स. मॅच संपल्यावर पण कुणालाही बोलावून तपासतात आणि तिथे नापास झालं की डिसक्वालिफाय. बालेवाडीत पहिल्या चान्सला माझा ट्रिगर सुटला होता, दुसऱ्याला कसाबसा टिकला, तो घाम अजून आठवतो.

ग्रिप काढल्यावर अण्णांनी चिमट्याने आतून काळं काहीतरी बाहेर काढलं. "हे तेल नाही ओ, चिखल आहे." तेल, धूळ आणि वर कापसाचा तूस, कारण माझ्या घराला लागूनच माग चालतात. पुण्यात भरपूर ओतलेलं तेल म्हणजे धुळीला आमंत्रणच की. सगळं लायटरच्या पेट्रोलने धुतलं, रबरी सील सांभाळून, आणि नंतर फक्त पिनांवर सुईच्या टोकाने एकेक थेंब.

मी विचारलं, सीअरला, म्हणजे ट्रिगर ओढेपर्यंत आतली यंत्रणा अडवून धरणाऱ्या पार्टला, झिरो पेपरने पॉलिश मारा ना, व्हिडिओत मारतात. त्यावर माणूस तापला. वरचा कडक थर अगदी पातळ असतो, कड एकदा गोल झाली की पार्ट भंगारात. "मागाचा पिकर झिजला तर गल्लीत मिळतो, हे कुठून आणू?"

सेटिंगला दीड तास लागला आणि हाच वेळ बघण्यासारखा होता. आधी सीअर किती अडकतो ते, मग सेकंड स्टेज (शॉट सुटतो तो शेवटचा जोर), मग फर्स्ट स्टेज (त्याआधीची सुरुवातीची ओढ), ट्रिगरचा स्टॉप, म्हणजे तो मागे कुठे थांबतो ते, सगळ्यात शेवटी. पाव फेरा फिरवायचा, वहीत लिहायचं, वजन दहादा उचलून बघायचं, परत पाव फेरा. मधूनच कॉक करून फ्रेमवर तळहाताने थाप मारायची, धक्क्याने सुटत असेल तर सीअर फार कमी अडकलाय. स्टॉप मी पार टाईट केलेला, म्हणून सीअर सुटता सुटता ट्रिगर तिथेच घासायचा, तो केसभर मागे घेतला. शेवटी फर्स्ट स्टेज 380 आणि सेकंड 140 च्या आसपास, एकूण 520. वरचे वीस ग्रॅम मुद्दाम. 500 ग्रॅमचं आकडेवालं वजन त्यांनी लेथवर स्वतः बनवलंय आणि सराफाच्या काट्यावर तोलून आणलंय. तरी मॅचआधी तिथल्या वजनावर बघाच.

आता चार महिने झाले, दर रविवारी वजन लावतो, हललेलं नाही. स्कोअर 541 वरून 549 झाला, त्यात अण्णांचं किती आणि थंडीचं किती देव जाणे, टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळच साडेअकरा मिलिमीटरचं असतंय. डावीकडे जाणारे शॉट अजून जातातच, ते माझ्या बोटाचे.

तक्रारी पण आहेत. बिल मिळत नाही, फोन उचलत नाहीत, स्पेअर ठेवत नाहीत. माझी फर्स्ट स्टेजची स्प्रिंग दमलीय म्हणाले, नवीन तुम्हीच मागवा, ती अजून आलेली नाही. मोरिनी कंपनीच्या पिस्तुलाचा इलेक्ट्रॉनिक ट्रिगर नेला तर हात पण लावत नाहीत, आणि लायसन्सवाली बंदूक तर दारातूनच परत, त्याला परवानावाला आर्मरर, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाराच पाहिजे, ते योग्यच आहे. टोकियो ऑलिम्पिकला मनू भाकरचं पिस्तूल ऐन मॅचमध्ये बिघडून मिनिटं वाया गेलेली सगळ्यांनी बघितलीत, आपल्याकडे तर एकच पिस्तूल, त्यामुळे मॅचच्या आदल्या आठवड्यात कुणाकडेच उघडायला देऊ नका, अण्णांकडे पण नाही.

माझे आठशे रुपये घेतले. जायचं तर सकाळी अकराच्या आत जा, नंतर शिलाई मशीनवाल्यांची रांग लागते. पिस्तुलाचा हवा भरलेला सिलिंडर सोबत न्या, मी विसरलो होतो म्हणून त्या उन्हात विजापूर रोडपर्यंत परत जाऊन आलो.