थरच्या वाळवंटात सहा महिने नोकरी: माझा अनुभव

ऑक्टोबर ते मार्च असा पूर्ण हंगाम मी जैसलमेरजवळ सम भागातल्या एका तंबूंच्या कॅम्पवर निसर्ग मार्गदर्शक म्हणून काम केलं. त्याआधी आठ वर्षं सोलापुरात क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवत होते. असं काम करावंसं वाटणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

वाळवंट म्हणजे नुसती वाळू, हे आधी डोक्यातून काढा. इथलं मरू राष्ट्रीय उद्यान ३,१६२ चौ. किमी.चं आहे, पण त्यात वाळूच्या टेकड्या थोड्याच. बाकी मुरमाड जमीन, सेवण गवत, खेजडीची झाडं, केर नावाची झुडपं. पहिल्या दिवशी मला वाटलं, हे तर आपलं सोलापूरजवळच्या नान्नजचं माळरान, फक्त संपतच नाही.

पहाटे पाचला उठून पाहुण्यांना जीपने न्यायचं आणि मग पायी फिरवायचं, हे माझं काम. चिंकारा, वाळवंटी कोल्हा, गिधाडं बहुतेक दिवशी दिसायची. पहाटेच्या वाळूवर फुरशाची तिरकी, तुटक रेघ दिसली की मी सगळ्यांना थांबवायचे. घोट्यापर्यंतचे बूट इथे हवेतच. भुरट नावाचं गवत आपल्या कुसळासारखं मोज्यात घुसतं आणि संध्याकाळी एकेक काटा चिमट्याने काढावा लागतो. थंडीही हलक्यात घेऊ नका, जानेवारीत पहाटे बोटं बधिर व्हायची.

पगाराचं मात्र आधी लेखी घ्या. माझं सगळं तोंडी ठरलं होतं. जानेवारी-फेब्रुवारीचे पैसे मार्चच्या मध्याला मिळाले, तेही रोज मागून. साप्ताहिक सुट्टी हंगामात नावालाच होती. रात्री आसपासच्या कॅम्पचा डीजे झोपू देत नाही, त्याचा मला शेवटपर्यंत त्रास झाला.

तरी मी तिथे टिकले ती एका सकाळीमुळे. डिसेंबरात उद्यानातल्या सुदासरीच्या बाजूला शेळ्या राखणाऱ्या एका काकांनी काठी आडवी धरली. "बाईसा, रुको." गवतात पांढरी मान, वर काळी टोपी. एक पाय उचलायचा, थांबायचं, मग दुसरा. माळढोक! तिथे त्याला गोडावण म्हणतात. याच पक्ष्यासाठी नान्नजला १९७९ साली अभयारण्य झालं. लहानपणी बाबांच्या स्कूटरवरून तिथे चारदा गेलो होतो, एकदाही दिसला नव्हता.

त्यानंतर पाहुण्यांशी बोलताना माझा सूरच बदलला. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना, समोरची वीजतार नीट दिसत नाही. अंग जड, ऐनवेळी वळता येत नाही. मादी बहुतेक वेळा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. सममध्ये २०१९ पासून अंडी उबवून पिल्लं वाढवायचं काम चालू आहे. हे मी तारांखाली उभी राहून सांगायचे आणि लोक मान वर करून बघत राहायचे. वर्गात इतक्या शांतपणे कुणी ऐकलेलं मला आठवत नाही.

टेकड्यांवर जीप उडवायचं काम मिळत असेल तर पैसे जास्त आहेत, पण माझा सल्ला पायी फिरवायच्या कामाचाच.

येत्या ऑक्टोबरात पुन्हा जातेय, दुसऱ्या कॅम्पवर, लेखी करार करून. डिसेंबरात बाबा येणार आहेत. त्यांची दुर्बीण आत्ताच दुरुस्तीला टाकलीय.