टॅलीचा बॅकअप: ऑफिसात नास की क्लाउड?

अकाउंटिंगवाला मित्र विचारत होता, टॅलीच्या बॅकअपला नास (ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा) घेऊ का क्लाउड (इंटरनेटवरची भाड्याची जागा). नासला एकदाच मोठी रक्कम जाते, क्लाउडचं भाडं दरमहा, संपतच नाही. रिस्टोअर नासवरून पटकन, क्लाउडवरून नेट चालेल तसं. खरी गोची रॅन्समवेअरची (फाइल्स लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस), २०१७च्या वॉनाक्रायसारखं काही शिरलं की पीसीला मॅप केलेला (ड्राइव्हसारखा जोडलेला) नासचा फोल्डरपण लॉक होतो आणि नासमधलं रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून डेटा ठेवणं) असून उपयोग नाही कारण ते फक्त डिस्क मेली तर वाचवतं. क्लाउडपण नुसतं सिंक (पीसीवरचा बदल आपोआप वर जाणं) असेल तर बिघडलेल्या फाइल्स वर चढवतोच, पण बऱ्याच सर्व्हिसमध्ये जुनी व्हर्जन्स काही दिवस मिळतात. (सगळ्या स्टाफला एकच पासवर्ड असेल तर दोन्ही सारखेच असुरक्षित!)

डेटा भरपूर, नेट रडकं, तर नास आणि सोबत बॅकअप झाला की काढून ठेवलेली एक हार्ड डिस्क. छोटं ऑफिस, आयटीवाला कोणी नाही, तर व्हर्जनवाला क्लाउड, टू-स्टेप लॉगिन (पासवर्डनंतर आणखी एक कोड) चालू करूनच.